फलक लागला, पण विडी कुठे गेली?

मी १९८४ साली नर्स म्हणून नोकरीला लागले, तेव्हा आमच्या सरकारी रुग्णालयात डॉक्टरांच्या टेबलावर केसपेपरच्या गठ्ठ्याशेजारी ॲश-ट्रे असे. आज हे नव्या मुलींना सांगितले तर त्यांना खोटे वाटते. मोठे ऑपरेशन आटोपले की सर्जन ड्यूटीरूममध्ये येऊन आधी सिगारेट पेटवीत आणि मग चहा मागवीत. नातेवाईक व्हरांड्यात उकिडवे बसून विड्या ओढत. बाळंतिणींच्या वॉर्डाबाहेर मुलगा झाल्याची बातमी आली की पेढ्यांच्या पुड्याबरोबर सिगारेटचे पाकीटही फिरे. त्यात कुणाला काही वावगे वाटत नसे. टीबीच्या वॉर्डात खोकल्याचा आवाज आणि विडीचा वास एकत्रच नांदत.

मग काळ बदलला. केरळच्या उच्च न्यायालयाने १९९९ साली सार्वजनिक जागी धूम्रपान करणे बेकायदा ठरवले. मुंबईचे मुरली देवरा सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २ नोव्हेंबर २००१ रोजी न्यायालयाने रुग्णालये, शाळा, वाचनालये, कचेऱ्या, आगगाड्या अशा ठिकाणी विडी-सिगारेटला मनाई केली. २००३ साली संसदेने कायदा केला आणि २ ऑक्टोबर २००८ पासून, म्हणजे गांधीजयंतीच्या दिवसापासून, त्याचे कडक नियम लागू झाले. साठ सेंटिमीटर बाय तीस सेंटिमीटरचा फलक लावायचा. ॲश-ट्रे, काडेपेटी, लायटर ठेवायचे नाहीत. तक्रार कुणाकडे करायची त्याचे नाव लिहायचे. मोडणाऱ्याला दोनशे रुपयांपर्यंत दंड. मोठी हॉटेले आणि विमानतळ यांना धूम्रपानाची वेगळी जागा ठेवण्याची सवलत कायद्याने दिली, रुग्णालयांना मात्र दिली नाही. हे फार चांगले झाले. दम्याच्या पोराच्या खाटेजवळ दुसऱ्याच्या विडीचा धूर जाणे थांबले, एवढ्या एका गोष्टीसाठीसुद्धा मी त्या न्यायाधीशांना दुवा देईन.

आमच्याकडेही फलक लागले. दाराशी, जिन्यात, अपघात विभागात, अगदी शवागाराच्या भिंतीवरही. मी त्या काळात पुरुषांच्या मेडिकल वॉर्डाची इनचार्ज सिस्टर होते. वॉर्डातून विडी गेली खरी, पण गेली कुठे? तर संडासात. शेवटच्या संडासाची कडी सकाळी पाच वाजल्यापासून आतून लागलेली असे आणि दाराच्या वरच्या फटीतून निळसर धूर बाहेर येई. मागच्या जिन्याच्या पहिल्या वळणावर थोटकांचा ढीग साचे. गच्चीवर, रक्तपेढीच्या मागे, धुलाईघराच्या कट्ट्यावर, आणि सर्वांत जास्त म्हणजे फाटकाबाहेर. फाटकाला लागूनच दोन पानटपऱ्या. शाळा-कॉलेजापासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला कायद्याने बंदी आहे. रुग्णालयाच्या फाटकाविषयी मात्र त्या कलमात अक्षर नाही. तेव्हा तपासणीला जाताना हाताला सलाइनची सुई चिकटपट्टीने बांधलेला पेशंट टपरीसमोर उभा आहे, हे दृश्य आम्हाला रोजचे होते.

त्यातलेच एक गृहस्थ माझ्या मनातून जात नाहीत. आमचे शहर यंत्रमागांचे. हे मागावर तीस वर्षे काम केलेले, पंचावन्नच्या आसपासचे, पण दिसायला सत्तरीचे. फुफ्फुसाचा जुना विकार, चार पावले चालले की धाप. २००९ च्या पावसाळ्यात दाखल झाले तेव्हा ओठ निळे पडले होते. ऑक्सिजन, नेब्युलायझर, इंजेक्शने सुरू झाली, दुसऱ्या दिवशी जरा रंग आला. आणि त्याच रात्री ते नळी काढून ठेवून संडासात गेले. ऑक्सिजन चालू असलेल्या वॉर्डाजवळ काडी ओढणे म्हणजे काय, हे मी वाचकांना वेगळे सांगायला नको. पहारेकऱ्याने त्यांना पकडले आणि नियमाप्रमाणे पावती फाडली.

ते दोनशे रुपये त्यांच्या बायकोने पदराच्या गाठीतून काढून दिले. गाठ सुटेपर्यंत पहारेकरी हात पुढे करून उभा होता. कायदा त्याच्या बाजूचा होता, त्याला मी बोल लावत नाही. पण त्या बाईने पैसे दिल्यावर विचारले, "बाई, दंड भरला, आता त्यांची तल्लफ जाईल का?" या प्रश्नाला आमच्या साऱ्या इमारतीत कुणाकडे उत्तर नव्हते.

तिसऱ्या दिवशी गृहस्थ सगळ्यांवर ओरडू लागले. जेवणाचे ताट ढकलले, वॉर्डातल्या मावशींना शिवी दिली, रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी राउंडला आलेल्या डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिले, 'पेशंट सहकार्य करत नाही.' दुपारी त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर घरी जातो असे लिहून अंगठा दिला. आमच्या भाषेत 'डामा' घेतला. तीन आठवड्यांनी रिक्षातून परत आले ते शुद्ध हरपलेल्या अवस्थेत, आणि मग घरी गेले नाहीत.

नंतर त्यांचा पहिला केसपेपर माझ्यापुढे आला. पहिल्याच पानावर, रोगाच्या इतिहासात, स्वच्छ अक्षरांत लिहिलेले होते: तीस वर्षे विड्या ओढतो, दिवसाला दोन बंडले. पुढची सगळी पाने मी उलटली. ताप, नाडी, रक्तदाब, इंजेक्शनांच्या वेळा, सगळे जिथल्या तिथे. विडीबद्दल पुढे एक ओळ नाही. ज्या गोष्टीने माणूस आजारी पडला ती पहिल्या पानावर लिहिलेली, आणि उपचाराच्या पानावर तिचे नाव नाही! मधुमेह लिहिला असता तर इन्शुलिन लिहिले गेले असते. विडी लिहिली, तर फक्त पावती मिळाली.

तंबाखूतले निकोटिन धुरावाटे काही सेकंदांत मेंदूत पोचते आणि वर्षानुवर्षे दिवसातून पन्नास वेळा ते मिळाले की मेंदू त्यावरच चालायला शिकतो. ते एकाएकी बंद केले की चिडचिड, घालमेल, झोप न लागणे, भूक खवळणे, मन उदास होणे सुरू होते. हा त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वांत जास्त असतो आणि हळूहळू दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. म्हणजे आमचे गृहस्थ तिसऱ्या दिवशी ताट ढकलत होते तो त्यांचा स्वभाव नव्हता, ते लक्षण होते. नेमक्या त्याच दिवशी आम्ही त्यांना घरी जाऊ दिले असे मी म्हणणार नाही. त्या व्यवस्थेत त्यांना थांबवण्यासारखे आमच्या हाती काही दिलेलेच नव्हते.

आणखी एक गोष्ट, जी सुशिक्षित मंडळी बोलायला लाजतात. आपल्याकडे निम्मे विडीवाले सांगतील, "विडी ओढल्याबिगर सकाळी पोट साफ होत नाही." डॉक्टर हसतात. पण ते थापा मारत नसतात. निकोटिनने आतड्यांची हालचाल वाढते आणि ते थांबल्यावर काही दिवस खरोखरच बद्धकोष्ठ होते. पहाटे पाचला तो शेवटचा संडास का अडलेला असे, याचे अर्धे उत्तर यात आहे. रात्री इसबगोल, सकाळी कोमट पाणी आणि फिरता येत असेल त्याला वॉर्डातच दोन फेऱ्या, एवढ्याने कितीतरी जणांची पहिली विडी टळते. याला ना मशीन लागते, ना मंत्रालयाची मंजुरी.

चार-पाच वर्षांनी आमच्याकडे छातीच्या विकारांचे एक तरुण व्याख्याते बदलून आले. मोठ्या आवाजात बोलत नसत, भाषण तर मुळीच करत नसत. पहिल्याच आठवड्यात त्यांनी एक रबरी शिक्का करून आणला. दाखल होणाऱ्या प्रत्येक पेशंटच्या केसपेपरवर तो उमटवायचा आणि चार रकाने भरायचे: तंबाखू काय आणि किती, उठल्यावर किती मिनिटांत लागते, सोडायची इच्छा आहे का, काय दिले. या चौथ्या रकान्यावर त्यांचा सगळा भर. तो रिकामा दिसला की राउंड पुढे सरकत नसे.

उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत ज्याला विडी लागते त्याची सवय खोल रुजलेली, हे मी त्यांच्याकडूनच शिकले. अशाला नुसता उपदेश पुरत नाही. निकोटिनची चघळायची गोळी, त्वचेवर लावायची पट्टी किंवा डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या, यांपैकी काहीतरी आधार द्यावा लागतो. पुष्कळांना वाटते की निकोटिन देऊन निकोटिन कसे सुटणार? पण कर्करोग होतो तो धुरातल्या आणि तंबाखूतल्या इतर विषांनी. गोळीत ती नसतात, आणि निकोटिनही थोडे थोडे, हळू मिळते. मग मात्रा कमी करत नेता येते.

मात्र गोळी द्यायची तर ती खायला शिकवावी लागते. आमचे पेशंट ती बडीशेपेसारखी कराकरा चावून गिळत आणि मग उचकी लागली, घशात जळजळ झाली म्हणून थुंकून टाकत. ती सावकाश चार-दोनदा चावायची, झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवून द्यायची, चव गेली की पुन्हा थोडी चावायची. चहाच्या आधी पाव तास आणि चहा पिताना ती तोंडात ठेवू नये, कारण चहाने तोंडात तिचे शोषण नीट होत नाही. आता चहाबरोबरच तर विडीची आठवण सर्वांत जास्त येते! यावर तोड काढली ती आमच्या वॉर्डातल्या मावशींनी. चहाची किटली फिरवण्याआधी त्या ओरडत, "गोळीवाल्यांनी गोळी संपवा, चहा येतोय." चहा झाला की विडीवाल्या खाटांवर चिमूटभर भाजलेली बडीशेप ठेवत. हे कोणत्याही पुस्तकात नाही.

खुद्द कर्मचाऱ्यांचे काय, हा प्रश्न वाचकांच्या मनात आला असेल. आमचे एक वॉर्डातले मामा स्ट्रेचर ढकलताना गालात तंबाखूचा बार धरून असत. पेशंटला 'थुंकू नका' म्हणायचे आणि वळून स्वतः खिडकीतून पिचकारी मारायची. व्याख्यात्यांनी त्यांना सर्वांसमोर कधी हटकले नाही. एके दिवशी बाजूला बोलावून तोंड उघडायला लावले, आत टॉर्च मारला आणि गालातला पांढरा चट्टा त्यांना आरशात दाखवला. मामांनी त्यानंतर तंबाखू सोडायला दीड वर्ष घेतले, मध्ये दोनदा पुन्हा धरली. पण त्या दीड वर्षात पेशंट त्यांचेच जास्त ऐकत. "डॉक्टरांचं सोडा, त्यांना काय कळतंय. मला विचारा कसं होतं ते," असे ते खाटेवर टेकून सांगत.

या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाची वाटली ती मात्र एक साधी रेघारेघांची वही. पेशंट घरी निघाला की त्याचे नाव, फोन नंबर आणि पुढे तीन तारखा: सातवा दिवस, पंधरावा दिवस, तिसावा दिवस. त्या त्या तारखेला सिस्टरने फोन करायचा. मी सुरुवातीला कुरकुर केली. इथे पंचेचाळीस खाटांना रात्रपाळीला दोन सिस्टर, त्यात घरी गेलेल्यांची चौकशी कुठे करत बसायची? तेव्हा त्यांनी समजावून सांगितले. वॉर्डात विडी सोडणे तसे सोपे असते. भीती ताजी असते, टपरी दूर असते, जवळचे मित्र नसतात. खरी परीक्षा घरच्या ओट्यावर. अनेक देशांतल्या चाचण्या एकत्र मांडून पाहिल्या तेव्हा असे आढळले, की वॉर्डात सुरू केलेला सल्ला घरी गेल्यावर किमान महिनाभर चालू ठेवला तर सोडणाऱ्यांचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने वाढते. नुसता वॉर्डात सांगून सोडून दिले तर तसा फरक दिसत नाही. कॅनडातल्या ओटावा शहरातील हृदयरोग संस्थेने २००२ साली हीच पद्धत बसवली: प्रत्येकाला विचारायचे, लिहायचे, औषध द्यायचे आणि घरी गेल्यावर फोन करायचे. तिथून ती इतर अनेक रुग्णालयांत गेली. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या माणसाने सिगारेट सोडली तर त्याच्या मृत्यूचा धोका सुमारे एक तृतीयांशाने कमी होतो. एवढे देणारी औषधे हृदयरोगाच्या वॉर्डातही फार नाहीत.

आता एका वेगळ्या, पण फार नाजूक गोष्टीबद्दल. 'धूम्रपानमुक्त रुग्णालय' हे शब्द ऐकायला छान वाटतात, पण महाराष्ट्रापुरते बोलायचे तर त्यांत निम्मेही दुखणे मावत नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातले ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे निघाले, आणि बिनधुराची तंबाखू, म्हणजे मळलेली, पानातली, गुटख्यातली, मिश्रीची, वापरणारे २४.४ टक्के! फलक लिहिला कुणासाठी आणि दुखणे कुणाचे? शेवटची काही वर्षे मी बाळंतिणींच्या वॉर्डात काढली. तिथे विडीचा वास नव्हता, फलक एकदम चकचकीत होता, आणि उशीखाली मिश्रीच्या डब्या होत्या. सासू डिंकाच्या लाडवांच्या डब्यातच मिश्रीची पुडी आणत असे. सकाळी मोरीपाशी रांगेने बायका दात घासत बसत आणि नुकतीच बाळंत झालेली मुलगी काळे बोट हिरडीवरून फिरवत अर्धा तास तिथेच. मुंबईत गरोदर बायकांचा अभ्यास झाला होता, तो २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात मिश्री आणि तत्सम तंबाखू वापरणाऱ्यांच्या बाळांचे वजन सरासरी सुमारे १०५ ग्रॅमने कमी भरले. आमच्याकडे अडीच किलोच्या खालच्या बाळांसाठी वेगळी वही होती. आयांच्या मिश्रीसाठी नव्हती.

का, तर कुणी विचारतच नव्हते. पुरुषाला निदान 'विडी ओढता का' असे विचारले जाते. बाईला तंबाखूबद्दल विचारणे म्हणजे तिचा अपमान, असे आमच्या शहरात वाढलेल्या तरुण डॉक्टरांना वाटे. मी सरळ विचारत असे, "मावशी, दात कशानं घासता?" यात अपमान नाही. उत्तर लगेच मिळे. "मिश्रीनं, आणखी कशानं? दात दुखत होता म्हणून आईनंच लावली." दहा-बारा वर्षांची असताना दातदुखीवर लावलेली मिश्री पाचव्या बाळंतपणापर्यंत आलेली असे.

कुणी म्हणतील, गरिबाला तेवढाच विरंगुळा, तोही हिरावून घ्यायचा? हे वाक्य मी बहुतेक वेळा ज्यांना विडीची काही गरज नाही अशांच्या तोंडून ऐकले आहे. दोन बंडलांचा रोजचा खर्च आणि दर पावसाळ्याची दाखल होण्याची वारी, यांचा हिशेब ज्या बायकोच्या पदराच्या गाठीतून जातो तिने तो विरंगुळा म्हटल्याचे मला आठवत नाही.

आज परिस्थिती पूर्वीपेक्षा बरी आहे, हे प्रामाणिकपणे लिहायला हवे. निकोटिनची उपचारपद्धती २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आली. बऱ्याच जिल्हा रुग्णालयांत तंबाखू सोडवण्याचे केंद्र आहे. फक्त ते कोणत्या मजल्यावर आहे हे वॉर्डातल्या सिस्टरला माहीत असतेच असे नाही. २०१६ पासून १८००-११-२३५६ हा विनामूल्य क्रमांक आहे आणि २०१८ पासून तो विडीच्या बंडलावर आणि तंबाखूच्या पुडीवरही छापला जातो. त्यावर समुपदेशक बोलतात, मराठीतूनही. घरातले कुणी दाखल होणार असेल तर डॉक्टरांना तंबाखूचे आपणहून सांगा, लपवू नका, आणि निघताना डिस्चार्ज कार्डावर त्यासाठी काय लिहिले आहे ते विचारा. भेटायला येताना, "मागतोय बिचारा," म्हणून खिशातून बंडल आणणारा भाचा प्रत्येक घरात एक असतो. त्याला फाटकावरच गाठा.

आमचे व्याख्याते तीन वर्षांनी बदलून गेले. शिक्का काही महिने चालला, मग त्याची शाई वाळली. वही मात्र मी निवृत्त होईपर्यंत ठेवली. तिच्यात फुल्या पुष्कळ आहेत, म्हणजे 'पुन्हा सुरू'. तिसाव्या दिवसाच्या रकान्यात बरोबरच्या खुणा त्याहून कमी. नंबर बंद, उचलत नाही, गावी गेला, असेही बरेच. एकदा एका पेशंटच्या तिसाव्या दिवशी मी दुपारपाळीत विसाव्याला बसताना फोन लावला. पलीकडे त्यांची बायको होती.

"ते आंघोळीला गेलेत," ती म्हणाली. "पण तुम्ही ठेवू नका हां. सकाळपासनं तीनदा विचारलं त्यांनी, सिस्टरचा फोन आला का म्हणून."

मी फोन धरून बसले. पाच मिनिटांनी ओल्या हाताने त्यांनी तो घेतला आणि हॅलोसुद्धा न म्हणता सांगितले, "तीस झाले बघा, बाई."